मामांचा इस्लाम

माझ्या वडीगोद्रीच्या मामांइतका इस्लामचा जाणकार अख्ख्या अंबड तालुक्यात नव्हता, असं त्यांचं स्वतःचं मत होतं, आणि त्यांचं मत खोडून काढायला जाईल असा माणूसही तालुक्यात नव्हता. मामा जातीचे शेतकरी. हमरस्त्यापासून थोडी आत मोसंबीची बाग, कपाळाला अष्टगंध, खांद्यावर पंचा, रामनवमीला जांब समर्थला हजेरी ठरलेली. पण कुठे चार माणसं बसली आणि मुसलमानांचा विषय निघाला, की मामा पंचा झटकून दुसऱ्या खांद्यावर टाकत आणि म्हणत, "थांबा, मी सांगतो." मग तासभर जे सांगत त्यातलं एक वाक्य खरं असेल तर शपथ. बरं, त्यात आकस म्हणाल तर तोही नाही. मामा घरच्या माणसाबद्दल बोलावं तशा हक्काने बोलत. घरच्या माणसाबद्दल आपल्याला जितकं कमी माहीत असतं, तितकंच त्यांनाही माहीत होतं.

आणि कमाल अशी की मामांच्या बागेला लागून ज्यांची बाग होती ते चाचा मुसलमान. बांध एक, विहीर एक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. चाचा पाच वेळा नमाज पढणारे, कुराण अर्थासकट वाचलेले, आणि मुख्य म्हणजे कमी बोलणारे. काही शंका आली तर बांधापलीकडे एक हाक मारायची, की उत्तर हजर. पण मामांनी ती हाक कधी मारली नाही. विचारणं हा प्रकारच त्यांच्या स्वभावात नव्हता. रस्ता चुकला तरी विचारत नसत. एकदा मामीला घेऊन पाहुण्यांच्या लग्नाला निघाले आणि भलत्याच गावात, भलत्याच मांडवात जेवून, आहेर करून परत आले. मामीला मांडवात पाय ठेवताच कळलं होतं, पण बोलून उपयोग नाही हे तिला त्याच्याही आधी कळलेलं होतं. मग मामांकडे एवढी माहिती यायची कुठून? थोडी एसटी स्टँडवरून, थोडी न्हाव्याच्या दुकानातून, थोडी रझाकारांच्या काळात घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसांकडून, आणि उरलेली सगळी स्वतःच्या डोक्यातून.

रमजान लागला की मामा बागेत भाकरी खायचे ते झाडाआड, चाचांकडे पाठ करून. रोजेवाल्याच्या नजरेला घास पडला की त्याचा रोजा मोडतो, अशी त्यांची पक्की समजूत. चाचा म्हणायचे, "पाटील, इकडं सावलीत बसून खा की. तुम्ही खाल्ल्यानं माझा रोजा कसा तुटंल?" मामा घास गालात ठेवून उत्तर द्यायचे, "तुला न्हाई कळत भाई. तुमच्यात चालत न्हाई ते." कुराण वाचलेल्या माणसाला त्याचाच धर्म असा तोंडावर समजावून सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चाचा शेतातच नमाजाला उभे राहिले की मामा हातातलं काम टाकून काठी घेऊन त्यांच्या मागे पहाऱ्याला उभे. का, तर नमाज सुरू झाली की माणसाला जागचं हलता येत नाही, साप आला तरी. ही राखण त्यांनी कित्येक वर्षं केली. शेवटी एकदा चाचा म्हणाले, "पाटील, साप आला तर मी पळंन. अल्ला एवढा कडक न्हाई." मामांना हे काही पटलं नाही. ते पुढेही काठी घेऊन उभे राहात.

ईदच्या आदल्या संध्याकाळी चंद्राची कोर दिसली की मामा मनोभावे हात जोडत आणि चाचांना म्हणत, "चला, तुमच्या देवाचं दर्शन झालं." चाचा म्हणत, "देव न्हाई पाटील. आमच्यात चांद पूजत न्हाईत. महिना लागला का न्हाई ते बघतेत. तुमच्या भिताडावर कॅलेंडर हाये, तसंच." मामा हात जोडलेलेच ठेवून म्हणत, "असू दे. आपण नमस्कार करावा." चार बायकांचंही तेच. प्रत्येक मुसलमानाने चार बायका करायच्याच असतात आणि चाचा भित्रे म्हणून त्यांनी एकीवर भागवलं, हे मामांनी गावभर सांगून ठेवलं होतं. सगळ्यांना अगदी बराबर वागवता येत असेल तरच परवानगी आहे, नाहीतर एकच, असं चाचांनी त्यांना सांगून पाहिलं. "आन पाटील, मला एकीशीच बराबरी जमंना," असंही वर म्हणाले. खुद्द मामांच्या आजोबांना दोन बायका होत्या आणि दोघी एका चुलीवर भांडत होत्या, याची मामी हळूच आठवण करून द्यायची. त्यावर मामा म्हणत, "ते वेगळं."

पण मामांचं सगळ्यांत ठाम मत होतं ते बायकांबद्दल. "त्यांच्यात पोरीला तोंडच न्हाई," ते सांगत. "बापानं बोट दाखवलं की झालं लग्न. पोरीला कुणी विचारत न्हाई. आपल्यात तसं न्हाई." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी ते ऐकताना मला राग येऊ लागला, कारण त्याच वर्षी मामांनी माझ्या मामेबहिणीचं, सुनंदाचं, लग्न अंबडच्या आठवडी बाजारात उभ्या उभ्या ठरवून टाकलं होतं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी जालन्याला सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि सुट्टी पडली की वडीगोद्री गाठायचे. सुनंदा अंबडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. स्थळ घनसावंगीकडचं. शेती भरपूर, घर मोठं, माणसं अब्रूची. बघायला आले तेव्हा मी तिथेच होते. मुलाने बैठकीत खाली घातलेली मान शेवटपर्यंत वर केली नाही. जे काही बोलायचं ते त्याचा थोरला भाऊच बोलला. शिवण येतं का, पहाटे उठायची सवय आहे का, हे त्यानेच विचारलं, आणि धाकट्याला पोहे आवडले हेही त्यानेच सांगितलं. मंडळी गेल्यावर सुनंदा मला म्हणाली, "आक्का, माझं लग्न कुणासंगं ठरून राह्यलंय? धाकट्यासंगं का थोरल्यासंगं?" मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. "त्या घरात एकटा थोरलाच बोलतो. याला आवाजच न्हाई. मंग मी कुणासमोर बोलायचं? मला नको हे घर." मी म्हटलं, मामांना सांग. तर म्हणाली, "अण्णांनी इचारलं तर सांगीन ना." मामा तर विचारणाऱ्यातले नव्हतेच. सुपारी फुटली, तारीख धरली. मामीला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पीठ मळायला घेतलं. सुनंदा दिवसेंदिवस वाळत चालली. जेवायला बस म्हटलं की भूक नाही म्हणायची. मामा म्हणायचे, "सासरी जायचं म्हणून लाजून राह्यली."

सुनंदाच्या लग्नाला महिना उरला असताना चाचांच्या मुलीचं, नसीमचं, लग्न आलं. हे स्थळही मामांनीच आणलेलं. मुलगा शहागडचा, स्वतःचा टेम्पो. दोघांच्या बागेतली मोसंबी तोच जालन्याला पोचवायचा. पोरगा सालस आहे हे मामांनी रस्त्यात गाडी बिघडली की तो काय काय बोलतो त्यावरून ठरवलं होतं. तो काहीच बोलत नसे, खाली उतरून काम करी. नसीम सुनंदाच्या बरोबरीची, डी.एड.च्या पहिल्या वर्षाला. दोघी एकाच एसटीने अंबडला जायच्या.

लग्नाच्या दिवशी चाचांच्या अंगणात मांडव. मामा चाचांपेक्षा जास्त गडबडीत. आपल्या बाजूच्या मंडळींना घेऊन बसले होते आणि पुढे काय काय होणार ते सांगत होते. "आता काजी नवरदेवाकडून कागदावर सही घेईल. मेहेर म्हंजे त्यांच्यातला हुंडा, तो पोरीचा बाप मोजून देतो. पोरगी आत बसलेली असती, तिचं काही काम नसतंय." खरं तर मेहेर नवऱ्याने बायकोला द्यायचा असतो आणि तो तिचा स्वतःचा असतो. चाचांनी जाता जाता हे ऐकलं, पण त्या दिवशी त्यांना दुरुस्त्या करायला सवड नव्हती. तेवढ्यात नसीमचे जालन्याचे मामू आणि दोन साक्षीदार उठून घराकडे निघाले. कुणीतरी म्हणालं, वकील निघाले. मामा दचकले. "वकील कशाला? अजून लग्न लागलं न्हाई आन तलाकचा वकील कुणी बोलावला?" चाचांनी त्यांचा हात धरला. "कोर्टातला न्हाई पाटील. पोरीची इजाजत घेऊन येतो त्याला वकील म्हणतेत. चला, स्थळ तुम्ही आणलं, तुम्ही बी ऐका."

मी आणि सुनंदा आत नसीमजवळ बसलो होतो. खोली बायकांनी भरलेली, दारावर एक जुनी साडी पडद्यासारखी बांधलेली. पडद्याबाहेर पुरुषांचे पाय दिसत होते, त्यात मामांची ओळखीची, टाचेला झिजलेली चप्पल. मामूंनी मुलाचं नाव, बापाचं नाव, मेहेर, सगळं नीट सांगून विचारलं, "बेटा, तेरा निकाह पढ़ाने की मेरेकू इजाजत हाय क्या?"

नसीम गप्प. बायका हसल्या, कुणी तिला कोपराने ढोसलं. मामूंनी पुन्हा विचारलं. नसीमने ओढणी जरा मागे सारली आणि म्हणाली, "मामू, वो शर्त लिखी क्या?"

कसली शर्त ते आम्हाला माहीत होतं. डी.एड. पुरं करू देऊ असं मुलाकडचे बोलले होते, आणि त्याच सकाळी मुलाचे एक काका मांडवात सगळ्यांसमोर म्हणाले होते की आता कशाला शिकायचं. नसीम म्हणाली, "पढ़ाई पूरी करूँगी, ऐसा निकाहनामे में लिखो. फिर पूछो." आवाज मोठा नव्हता, पण पडद्यापलीकडे गेला. सुनंदा नसीमच्या तोंडाकडे बघत राहिली.

बाहेरून मामांचा आवाज आला. "काय म्हणली? काय म्हणली ती?"

"शर्त घालून राह्यली," चाचा म्हणाले.

"आन मंग काजी काय करंल?"

"लिहील. पोरीचा हक हाये."

"आन ही बिलकुल न्हाईच म्हणली तर?"

चाचा शांतपणे म्हणाले, "तर निकाह होत न्हाई. लोक जेवतेल आन घरी जातेल."

झिजलेली चप्पल पडद्याखाली कितीतरी वेळ हलली नाही. मामू परत गेले. मांडवात काकांनी थोडी कुरकुर केली, पण नवरामुलगा स्वतःच काजींना म्हणाला, लिहा. काजींनी लिहिलं. मामू परत आले, त्यांनी परत विचारलं, आणि नसीम म्हणाली, "हाँ, इजाजत है." मग बाहेर नवऱ्याने कबूल म्हटलं, खारका वाटल्या, जेवणं झाली. शाकाहारी मंडळींसाठी चाचांनी वांग्याची भाजी आणि पुऱ्या वेगळ्या करवल्या होत्या. वांगं हा मामांचा जीव की प्राण, पण त्या दिवशी ताटात तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा पाण्याची पाळी विचारायला आले, तेव्हा मामा ओसरीवर बसले होते. त्यांनी चाचांना बसवलं आणि मी जन्मात पहिल्यांदा मामांना प्रश्न विचारताना ऐकलं. "भाई, तुमच्यात सगळ्याच पोरींना इचारतेत?"

चाचांना खोटं सांगता आलं असतं. मामांनी ते जन्मभर गावाला ऐकवलं असतं. पण ते म्हणाले, "इचारावंच लागतंय. न्हाईतर निकाह खरा न्हाई. पर सच सांगू पाटील? लई घरी नुसता रिवाज राहिला. माझ्या बहिणीच्या टायमाला फूफीनं, आमच्या आत्यानं, मागून मुंडी धरली आन हलवली. झालं, हो म्हणली म्हणे. तसं न्हाई करायचं, पर करतेत. पोरगी लाजून गप बसली तर ते हो धरतेत. पर ते लाजेचंच गप पाहिजे."

मामा उठले. घरात गेले, पेटीतली चादर काढली आणि स्वयंपाकघराच्या दाराला दोन खिळ्यांवर टांगली. मामी आतून म्हणाली, "हे काय लावून राह्यलात?" मामा म्हणाले, "पडदा लागतो." पडद्याशिवाय विचारलेलं ग्राह्य धरत नाहीत, असा त्यांनी कालच्या लग्नावरून निष्कर्ष काढला होता. मला आणि चाचांना साक्षीदार म्हणून दोन्ही बाजूंना उभं केलं. सुनंदा आत भांडी घासत होती. मामांनी घसा साफ केला, घनसावंगीच्या मुलाचं नाव, बापाचं नाव, शेती किती, विहिरी किती, सगळं सांगितलं आणि म्हणाले, "बाळ, हे लगीन तुला कबूल हाये का?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मग नुसता नाक ओढल्याचा बारीक आवाज. मामा थोडा वेळ थांबले, मग त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याची कळा आली. "गप बसली. म्हंजे हो."

चाचांनी मान हलवली. "पाटील, रडून राह्यली ती. हे ते गप न्हाई. परत इचारा."

मामांनी चादरीची कड मुठीत धरली होती. आजवर ते कुणाला काही का विचारत नव्हते ते मला त्या क्षणी कळलं. मामांना घमेंड नव्हती, उत्तराचं भ्याव होतं. त्यांनी परत विचारलं, पण यावेळी शेती आणि विहिरी सांगितल्या नाहीत. नुसतं म्हणाले, "सुनंदा, तुला जायचंय का त्या घरी?"

"न्हाई अण्णा," सुनंदा म्हणाली. "मला न्हाई जायचं."

सुपारी फुटल्यावर सोयरीक मोडणं म्हणजे आमच्याकडे काय असतं ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. गावातल्या शहाण्या माणसांनी मामांना सुचवलं, पत्रिका जुळत नाही म्हणून सांगा, घरात मयत झाली म्हणा, काहीही सांगा. मामांनी कुणाचं ऐकलं नाही. तिकडचे दोघे भाऊ जाब विचारायला आले तेव्हा मामा सरळ म्हणाले, "पोरगी न्हाई म्हणली."

थोरला तापला. "मंग सुपारी फोडायच्या आधी का न्हाई इचारलं?"

"मला म्हाईत नव्हतं इचारतेत म्हणून," मामा म्हणाले. असं उत्तर देणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं हे त्या भावाला कळेना. तेवढ्यात धाकट्याने, म्हणजे नवऱ्यामुलाने, पहिल्यांदाच मान वर केली आणि म्हणाला, "मला बी कुणी इचारलं नव्हतं." थोरल्याने त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्या पोराची काळजी वाटली. मामांनी त्याला आग्रहाने चहा पाजला.

पुढे बरेच दिवस लोक मामांना टोचत राहिले. पाटलांनी मुसलमानाच्या नादी लागून पोरीची सोयरीक मोडली, पाटील मुसलमान होऊन राह्यले, असं पारावर चालायचं. मामा पंचा झटकून म्हणत, "थांबा, मुसलमान कसं होतेत ते मी सांगतो," आणि मग तासभर सांगत. तेही सगळं चूकच. त्या प्रकरणाने मामांच्या ज्ञानात काडीचा फरक पडला नाही. चाचांच्या नमाजाला काठी घेऊन उभे राहाणं चालूच, चंद्राला नमस्कार चालूच. सुनंदाने कॉलेज पुरं केलं. दोन वर्षांनी परतूरचं एक स्थळ आलं, तेव्हा पुन्हा ती चादर टांगली गेली आणि सुनंदा आतून इतक्या पटकन हो म्हणाली की मामा घाबरून म्हणाले, "थांब, नीट इचार करून सांग."

पण घरातली खरी गोष्ट वेगळीच होती. ते दोघे भाऊ गेले त्या संध्याकाळी मामी चुलीपुढे बसली होती. मामा दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभे. मामी वर न पाहता म्हणाली, "मला कुणी इचारलं व्हतं?" मामांनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि, लग्नाला तीस वर्षं होऊन गेल्यावर, खालच्या आवाजात म्हणाले, "तुला... हे लगीन कबूल हाये का?" मी तिथे होते हे ते विसरले असावेत. मामीने तव्यावरची भाकरी उलटली. "करपंल ही. मंग सांगते," म्हणाली.

तिने काही सांगितलं नाही. मामा मात्र पुढे विचारत राहिले. बागेत मोसंबी उतरवताना, एसटीची वाट बघताना, शेवटी शेवटी जालन्याच्या दवाखान्यात पलंगावर पडल्या पडल्यासुद्धा. मामी कधी पदराने तोंड पुसायची, कधी हसायची, आणि दर वेळी म्हणायची, "सांगते की. घाई काय हाये?"

मामांना जाऊन आता काही वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते, आणि त्यांच्यासारखं आत्मविश्वासाने चुकीचं सांगणारं कुणी भेटलं की जास्तच येते. परवा वडीगोद्रीला गेले होते. मामी ओसरीवर डाळ निवडत बसली होती. बोलता बोलता मी म्हटलं, "मामी, एकदा हो म्हणून टाकायचं होतंस गं. माणूस वाट बघत गेला."

मामीने डाळीतला खडा उचलून अंगणात टाकला.

"हो म्हणले असते," ती म्हणाली, "तर परत इचारलं नसतं त्यांनी."